टाइमबाबूंचं क्रियापद

पांडुरंग टेंबे कापडमिलच्या टाइम ऑफिसात अठ्ठावीस वर्षं होते. एवढ्या काळात ते दोनदा उशिरा पोचले आणि दोन्ही वेळा त्यांनी हजेरीच्या रजिस्टरात स्वतःच्या नावापुढे लाल शाईने तसं लिहिलं. कुणी विचारलंही नसतं. पण काही माणसांना लिहिल्याशिवाय जेवण पचत नाही, त्यातले हे. अख्खी मिल त्यांना टाइमबाबू म्हणायची, आणि राजेंद्र नगरात त्यांच्या बायकोला, उषाताईंना, भाजीवालीसुद्धा टाइमबाबूंची मिसेस म्हणूनच ओळखायची.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात मिल बंद झाली आणि टाइमबाबूंनी घराबाहेर पडणं सोडलं. सकाळी पाचला, गल्ली उठायच्या आत, दुधाची थैली आणायला तेवढे जायचे. बाकी दिवसभर पुढच्या खोलीची खिडकी लावून बसायचे. लोक म्हणाले, नोकरी गेली, धक्का बसला बिचाऱ्यांना. उषाताईंनाही तसंच वाटलं. नोकरी काय, शहरात हजारोंची गेली होती आणि त्यातले निम्मे चौकात पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहून सरकारला शिव्या देत होते. शिव्या देणारा माणूस निरोगी असतो. टाइमबाबू कुणालाच शिव्या देत नव्हते, कारण त्यांच्या मते शिव्या खायचा पहिला मान त्यांचाच होता.

त्याचं असं झालं. शिफ्ट सुटली की मिलच्या गेटवर झडती होत असे. नियमाप्रमाणे प्रत्येकाची, पण शेकडो माणसांचे खिसे रोज कोण उपसणार? टाइमबाबू गेटच्या आत उभे राहायचे, जाणाऱ्याच्या खांद्याला हात लावायचे, की झाली झडती. शेवटच्या दिवशी मात्र दुपारी बंदची नोटीस लागली आणि मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "टेंबे, मालकांना शक आहे. पितळ, तांबं बाहेर जाईल. आज हरेक की तलाशी. टोपी, जूते, डब्बा, सब." साहेबांनी बाहेरून दंडुकेवाले गार्ड आणून ठेवले होते. त्यांच्याकडे बघून टाइमबाबू म्हणाले, "हे नको साहेब. मी घेतो."

बायकांची झडती रीलिंग खात्यातल्या यमुनाबाईंनी घेतली आणि पुरुषांची टाइमबाबूंनी. चारशे छत्तीस पुरुष. साडेतीनपासून साडेसातपर्यंत. ज्यांची रोजीरोटी त्याच दुपारी गेली होती, त्यांना एकेकाला त्यांनी हात वर करायला लावलं, खिसे उलटे करायला लावले आणि प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं, 'काही सापडले नाही'.

त्यात मांगीलाल होता. लूम खात्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, बावीस वर्षांची ओळख, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला घरी येणारा. त्याने डबा उघडून दाखवला तर आत अर्धी रोटी आणि लसणाची चटणी. त्याने बूट काढले तर मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. मांगीलाल टाइमबाबूंच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला आणि बूट हातात घेऊनच निघून गेला. तो अंगठा सहा महिने टाइमबाबूंच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

शेवटी गेटवर ते एकटे उरले. मॅनेजरची मोटार केव्हाच गेली होती. रजिस्टर कुणाच्या ताब्यात द्यावं हे कळेना, तेव्हा ज्याची सही त्याची जबाबदारी म्हणून ते बगलेत मारून घरी आणलं आणि कपाटात वर्तमानपत्राखाली ठेवून दिलं. त्यानंतर त्यांनी ते कपाट उघडलं नाही.

मे महिन्यात त्यांची मुलगी निवेदिता सुट्टीला पुण्याहून आली. ती तिकडे पीएचडी करत होती, आणि कशात, हे सांगताना उषाताईंची नेहमी पंचाईत व्हायची. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात हित्ती नावाचे लोक राहत होते. ते ओल्या मातीच्या पाट्यांवर टोचून टोचून लिहीत. त्या लोकांची भाषा केव्हाच मेली, पाट्या तेवढ्या राहिल्या. निवेदिता त्या भाषेतल्या एका क्रियापदाचा अर्थ शोधत होती. एका! उषाताईंनी हे शेजारी सांगितलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "फिर भी अच्छा है, घर बैठे का काम है."

पोरीने आल्या दिवशीच बापाची दशा पाहिली. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर फतकल मारून बसली.

"बाबा, ऐका ना. राजवाड्याच्या पहारेकऱ्यांचे रूल्स आहेत. पहारेकऱ्याला लघवीला जायचं असेल तर त्याने शेजारच्याला सांगायचं, त्याने त्याच्या वरच्याला, वरच्याने त्याच्याही वरच्याला. परमिशन खाली येईपर्यंत हा उभा!"

टाइमबाबूंनी मान वर केली. "अगं, आमच्याकडे पास होता ना! पितळेचा. खात्यात दोनच पास. एक येईपर्यंत दुसरा नाचत उभा." आणि ते हसले. स्वयंपाकघरात उषाताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. सहा महिन्यांनी घरात तो आवाज झाला होता.

"आणि बाहेर जाताना भाला गेटवाल्याकडे ठेवून जायचा," निवेदिता म्हणाली.

"बरोबरच आहे. औजार गेटबाहेर नाही गेलं पाहिजे. हुशार होते तुझे लोक."

झालं, टाइमबाबू हित्तींच्या नोकरीत लागले. रोज सकाळी आंघोळ करून चष्मा लावून बसायचे आणि विचारायचे, "आज काय काढलंस?" मग निवेदिताने आपलं क्रियापद काढलं. त्याचा उच्चार असा होता की उषाताईंना वाटलं पोरीला शिंक आली. सापडलेल्या हजारो पाट्यांत ते फक्त तीन ठिकाणी होतं. टाइमबाबूंनी लगेच कागदावर रेघा मारून तीन रकाने पाडले.

पहिली पाटी : संध्याकाळी नोकर राजवाड्याबाहेर निघतात, तेव्हा गेटवाला त्यांना 'ते' करतो, मग ते जातात. दुसरी पाटी : राजपुत्र बाहेर निघतो, गेटवाला त्यालाही 'ते' करतो. तिसऱ्या पाटीत गेटच नाही. एक आजारी माणूस आहे, मंत्र म्हणणारी एक म्हातारी आहे. सगळे विधी झाल्यावर म्हातारी त्याला डोक्यापासून पायापर्यंत 'ते' करते, आणि मग तो घरी जातो.

"झडती," टाइमबाबू म्हणाले. एकदम म्हणाले, आणि हसू मावळलं. "दुसरं काय असणार? गेटवर दुसरं काय करतात?"

"कुमुदिनीबाईंचं पण तेच म्हणणं आहे." कुमुदिनीबाई म्हणजे तिच्या पुण्याच्या गाइड. "पण बाबा, गेटवाला राजपुत्राची झडती घेईल? त्याची मान नाही उडणार?"

"हुकूम असेल वरून. हुकूम आला की गेटवाला कुणाचीही घेतो."

"ठीक. आणि आजारी माणसाची? म्हातारी त्याचे खिसे का बघेल?"

टाइमबाबूंनी चष्मा काढला. "तू झडती लिही आणि मोकळी हो. तिसरी पाटी चुकीची असेल. लिहिणारा झोपेत असेल."

अठ्ठावीस वर्षं नोंदी ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या नोंदीला असं म्हणतो, हे निवेदिताला खटकलं. पण तिला त्या अंगठ्याचं ठाऊक नव्हतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथे ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीत दिसत होतं. टाइमबाबूंना त्या पाटीवर गेटवाला दिसत नव्हता, स्वतःचे दोन हात दिसत होते.

दोन दिवसांनी मांगीलाल घरी आला. टाइमबाबूंनी खिडकीच्या फटीतून त्याला सायकल लावताना पाहिलं आणि ताडकन उठून ते आतल्या पडद्यामागे गेले. उषाताईंना खुणेने सांगितलं, नाही म्हण. त्या उभ्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या ते देवाच्या नावाने बोलल्या. "ते अन्नपूर्णाला गेलेत, दर्शनाला." मांगीलाल पाणी पिऊन परत गेला.

"काय करून राहिले तुम्ही?" उषाताई पडद्याकडे बघून म्हणाल्या. "बावीस वर्षं ज्याला तिळगूळ दिला, त्याला तोंड दाखवायला काय झालं?"

तेव्हा पडद्यामागूनच टाइमबाबूंनी सगळं सांगितलं. डबा, मोजा, अंगठा. "चारशे छत्तीस जणांना चोर ठरवलं मी. चोराला करतात तसं केलं. तो काय विचारायला आलाय, ते मला माहीत आहे." उषाताईंनी चहा टाकला. निवेदिता समोरचे तीन रकाने बघत बसली. बापाला ते क्रियापद कुठे दुखत होतं हे तिला कळलं, आणि आपण त्यांना रोज तिथेच बोट लावत होतो याचं तिला फार वाईट वाटलं.

मांगीलाल दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. दार निवेदिताने उघडलं. टाइमबाबू पुन्हा पडद्यामागे. आता लूम खात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान काही शाबूत नसतात, त्यामुळे मांगीलालचं खासगी बोलणंही तीन घरांना ऐकू जायचं. पडदा तर हातभर अंतरावर होता.

"बेटी, बाबूजी नाही मिळत ना, तर तूच सांग त्यांना. मालकाने रपट लिखवली आहे पुलिस में. म्हणे शेवटच्या दिवशी आम्ही पितळ चोरून नेलं. ग्यारह जनों के नाम हैं. माझंही आहे. आम्ही गेटवर धरने पे बैठतो ना, म्हणून उठवायचं आहे आम्हाला. उद्या कोर्टात पेशी आहे."

"मग बाबा काय करतील?"

"अरे, सब कुछ तो वही करेंगे! तलाशी त्यांनीच घेतली होती. एक-एक की. टोपी, जूते, डब्बा. रजिस्टर में लिखा है. त्या दिवशी बाबूजींनी आम्हाला असंच जाऊ दिलं असतं, तर आज आम्ही कुणाला काय दाखवणार होतो? वकील म्हणतो, वो रजिस्टर आ जाए तो समझो हम साफ."

निवेदिताने धीर करून विचारलं, "काका, पण तुम्हाला राग नव्हता आला? त्या दिवशी?"

"आया था," मांगीलाल म्हणाला. "बहुत आया था. जूता फाटलेला नव्हता, मोजा फाटलेला होता, ते सगळ्यांनी पाहिलं. महिनाभर त्यांचं नाव नाही काढलं मी. खोटं कशाला बोलू? पण गार्डच्या हातून झाली असती, तर आज माझी गवाही कोण देणार होता?"

तो गेला. मग टाइमबाबू बाहेर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती तिसरी पाटी वाच पुन्हा."

"बाबा, राहू द्या ना आता."

"वाच म्हणतो ना."

तिने वाचलं. म्हातारी त्याला डोक्यापासून पायापर्यंत ते करते, आणि तो घरी जातो.

"निवे, आपण हे हात फिरवणाऱ्याच्या बाजूने वाचत होतो," टाइमबाबू म्हणाले. "हात वर केलेल्याच्या बाजूने वाच. तो आजारी माणूस बाहेर जाणार. लोक म्हणणार, ह्याच्या अंगात अजून काही आहे, ह्याला घरात घेऊ नका. म्हणून म्हातारी त्याच्या सगळ्या अंगावरून हात फिरवते, सगळ्यांसमोर. आता कुणी काही बोलायचं नाही. राजपुत्राचंही तेच. उद्या वाड्यातून काही हरवलं तर त्याचं नाव येऊ नये. चोर शोधायला नाही फिरवत हात. हा चोर नाही, हे सांगायला फिरवतात."

निवेदिताने तिन्ही रकाने पुन्हा तपासले. 'हातांनी तपासून, निर्दोष म्हणून सोडणे.' पहिल्या पाटीत बसत होतं, दुसरीत बसत होतं, तिसरीत तर अगदी चपखल. पण ती शिकलेली पोर होती. तीन ठिकाणी बसलं म्हणजे खरंच असेल असं नाही, आणि कुमुदिनीबाई एका दुपारीत चार शंका काढतील, हे तिला ठाऊक होतं. तिने अर्थ लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

टाइमबाबूंनी त्या प्रश्नचिन्हाकडे पाहिलं. "बरोबर आहे. मलाही नक्की माहीत नाही," ते म्हणाले. "उद्या जाऊन, हात वर केलेल्यांनाच विचारतो." आणि उठून त्यांनी कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टाइमबाबू दिवसाउजेडी घराबाहेर पडले. कोर्टाचं काम म्हणून त्यांनी कोट घातला होता. मे महिना, आणि कोट! उषाताईंनी समजावून पाहिलं. पण अठ्ठावीस वर्षं जो माणूस कोटाशिवाय ऑफिसला गेला नाही, तो कोर्टात काय जाणार? कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. टेम्पोत शेजारचा माणूस सरकून बसला. निवेदिता रजिस्टर मांडीवर घेऊन बसली होती.

कोर्टाआधी ते मिलवर गेले; गेटसमोर धरण्याचा, ताडपत्रीचा मांडव होता. खाली सतरंजी, तिच्यावर साठ-सत्तर माणसं. टाइमबाबू दिसले तशी बोलणी थांबली. त्यांनी रजिस्टर मांगीलालच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सगळ्यांची नावं आहेत. मी कोर्टात सांगतो, मीच घेतली म्हणून."

मागून कुणीतरी म्हणालं, "उस दिन तो बड़े आराम से जूते उतरवाए थे, बाबूजी."

"हो," टाइमबाबू म्हणाले. "उतरवले. माझ्या हातून झालं ते. मला त्याचं फार वाईट वाटतं." हे म्हणायला त्यांना सहा महिने लागले होते. मांडवातून माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. ते तसेच उन्हात उभे राहिले, कारण बसा म्हणायला कुणी तयार नव्हतं आणि जा म्हणायलाही नव्हतं.

मांगीलाल रजिस्टरची पानं उलटत होता. त्याने शेवटचं पान पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं, आणि तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबूजी, इसमें आपका नाम कहाँ है? तुमची तलाशी कोणी घेतली होती?"

टाइमबाबू गडबडले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "कुणी नाही. मी शेवटी निघालो. घ्यायला कुणी नव्हतंच."

"तो फिर? उद्या मालक तुमचंच नाव घेईल. म्हणेल, सबको छोड़ा और माल खुद ले गया. मग?"

कुणी हसलं नाही. मांगीलाल मस्करी करत नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. टाइमबाबूंनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, तापलेल्या जमिनीवर उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

मांगीलालने रजिस्टर यमुनाबाईंकडे दिलं. त्याने आधी टोपी काढायला लावली, आत पाहिलं, परत दिली. खांदे, बगला, दंड. सावकाश, हात जड ठेवून, जॉबर जसा कापडाच्या थानावरून हात फिरवतो तसा. टाइमबाबूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात वर असल्यामुळे ते त्यांना पुसता येत नव्हतं. वरचे खिसे झाले, खालचे झाले. कोटाच्या कडेशी मांगीलालची बोटं थांबली. अस्तराच्या आत काहीतरी होतं. फाटलेल्या खिशातून घसरून ते खाली गेलं होतं. त्याने चाचपून, सरकवत सरकवत ते वर आणलं आणि बाहेर काढलं.

बोटभर जांभळी पेन्सिल होती. तिच्यावर मिलचा शिक्का.

"मिल का माल!" यमुनाबाई ओरडल्या, आणि मांडव फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसायला लागली. चारशे छत्तीस पुरुषांत चोरी सापडली ती टाइमबाबूंकडे! मघाशी मागून बोललेला माणूस तर पोट धरून खाली बसला. टाइमबाबू हात वर करूनच उभे होते. आधी ते गोरेमोरे झाले, मग रडता रडता त्यांनाही हसू फुटलं.

"जाने दो बाबूजी, रखो," मांगीलाल पेन्सिल पुढे करत म्हणाला. "किसको पता चलेगा."

"नाही," टाइमबाबू म्हणाले. "लिहावं लागेल. रजिस्टरात नाही, ते कोर्टाचं आहे. निवे, एक कागद दे."

तिने पिशवीतून झेरॉक्सचा एक कागद काढून दिला, पाठकोरा. टाइमबाबूंनी तो गुडघ्यावर धरला आणि त्याच पेन्सिलीने, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात तारीख घालून लिहिलं, 'पांडुरंग टेंबे, टाइमकीपर. झडतीत मिलची एक पेन्सिल सापडली. बाकी काही सापडले नाही.' खाली मांगीलालने सही केली, आणि सतरंजीवरच्या माणसांनी सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.